नाट्यगृहाचं अंगण करायचं असेल तर: तालुक्याच्या गावी दिवाळीच्या सुट्टीतला लोकसंगीताचा आणि मुलांचा कार्यक्रम

आमच्या गावात नगरपालिकेचं नाट्यगृह आहे. खुर्च्या ४३०, त्यातल्या दहा-बारा कायमच्या मोडलेल्या. वर्षभर तिथं सत्कार आणि मेळावे होतात, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, आणि उरलेले दिवस कबुतरं. आम्ही चार-पाच जण गेली काही वर्षं दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस हे नाट्यगृह घेतो. सकाळी मुलांचा खेळ लावतो आणि संध्याकाळी लोकसंगीत.

पहिल्या वर्षी आम्ही सगळं ‘व्यवस्थित’ केलं होतं. मखमली पडदा, मागे फ्लेक्स, प्रेक्षागृहात काळोख, कलाकारांच्या तोंडावर झगझगीत दिवे. गोंधळाचा कार्यक्रम होता. लोक शांतपणे बसले, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. सामान आवरताना मुख्य गोंधळी म्हणाले, “समोर माणूसच दिसंना. कुणाला सांगतोय तेच कळंना.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गोंधळ, भारूड, जागरण, वासुदेव हे सगळं अंगणात, देवळापुढे, चावडीवर वाढलेलं. ऐकणारा हातभर अंतरावर असतो, मध्येच बोलतो, हसतो, उठून जातो आणि परत येतो. नाट्यगृह बांधलेलं असतं याच्या नेमकं उलट. म्हणून खाली जे सांगतोय त्यातला बराचसा भाग नाट्यगृहाचं जमेल तेवढं अंगण कसं करायचं याचा आहे.

तारीख

पंचांग उघडा आणि भाऊबीज ते तुळशीचं लग्न हे दहा दिवस बघा. यापेक्षा चांगली वेळ वर्षात नाही. माहेरवाशिणी आलेल्या असतात, घरोघर भाचरं गोळा झालेली असतात, फराळ खाऊन सगळे कंटाळलेले असतात आणि ‘आता काय करायचं’ हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. कलाकारांच्या बाजूनंही हेच दिवस सोयीचे. नवरात्रात गोंधळ्यांना उसंत नसते. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, आणि लग्नामागोमाग घरोघरी गोंधळ. मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या आसपास वाघ्या-मुरळी, म्हणजे खंडोबाचं जागरण घालणारे, मिळत नाहीत. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की ढोलकीच्या (म्हणजे तमाशाच्या) फडांकडे तर बघायलाच नको, त्यांच्या सुपाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांमध्ये आधीच ठरलेल्या असतात.

दोन दिवस मात्र टाळा. भाऊबीजेचा दिवस ओवाळण्यात आणि प्रवासात जातो. आणि कार्तिकी एकादशीला निम्मी भजनी मंडळं पंढरपुरात असतात, म्हणजे तुमचे पखवाजवाले आणि टाळकरीही तिकडेच.

नाट्यगृहाचं आरक्षण दसऱ्याआधी करून टाका. भाडं सत्रावर असतं: सकाळ, दुपार, रात्र. आम्ही सकाळ आणि रात्र घ्यायचो, मधलं दुपारचं सत्र सोडायचो आणि पैसे वाचवले म्हणून खूश व्हायचो. एका वर्षी दुपारी कुणाचा तरी मेळावा झाला आणि आमची लावून ठेवलेली सगळी ध्वनिव्यवस्था उचलून परत लावावी लागली. आता तिन्ही सत्रं घेतो. निवडणुकीचं वर्ष असेल तर आचारसंहितेचं काय हे पालिकेत आधी विचारा.

कलाकार

चांगला संच शोधायला यूट्यूब बघू नका. देवीच्या देवळाच्या पुजाऱ्याला विचारा, लग्नाचे गोंधळ कोण घालतं ते विचारा आणि एकदा त्यांच्या खऱ्या कार्यक्रमाला जाऊन मागे बसा. जो संच रात्री दोन वाजता पेंगणाऱ्या वऱ्हाडाला जागं ठेवतो, तो तुमच्या नाट्यगृहात दोन तास सहज काढेल.

बोलणी करताना पुढच्या गोष्टी स्पष्ट करा. माणसं किती येणार? बायका किती? (त्यांना वेगळी खोली आणि आतून लागणारी कडी, हे दोन्ही लागतं. कडी आदल्या दिवशी स्वतः लावून बघा.) गाडी त्यांची की तुमची? जेवण आधी की नंतर? बहुतेक गाणारे कार्यक्रमाआधी पोटभर जेवत नाहीत. चहा, थोडे पोहे, आणि कार्यक्रमानंतर गरम भाकरी-पिठलं असेल तर पुढच्या वर्षी फोनवर आवाज ओळखतात. विसार लगेच द्या, उरलेलं मानधन त्याच रात्री, गाडी सुटायच्या आधी, मुख्य कलाकाराच्या हातात. ‘तिकिटांचा हिशोब झाला की बघू’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. त्यांनी तुमच्या तिकिटांची जबाबदारी घेतलेली नाही.

आणखी एक बोलणं नाजूक आहे, पण टाळू नका. गोंधळ किंवा जागरण हा आधी विधी आहे, मग कार्यक्रम. चौक भरणं, दिवटी पेटवणं, लंगर (म्हणजे लोखंडी साखळी) तोडणं यातलं काय रंगमंचावर करायचं आणि काय नाही, हे त्यांना ठरवू द्या. काही संच म्हणतात, सगळं करू. काही म्हणतात, देवीपुढे जे करतो ते तिकीट लावून नाही करणार. दोन्ही उत्तरं मान्य करा. आम्ही एकदा हट्ट धरला होता. त्याची आजही लाज वाटते.

क्रम आणि लांबी

संध्याकाळचा कार्यक्रम मध्यंतर धरून सव्वादोन तास, त्याहून जास्त नको. घरची लहान मुलं आणि आजी एकाच वेळी पेंगायला लागतात.

सुरुवात रंगमंचावरून करू नका. वासुदेवाला मागच्या दारातून आणा. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, आणि तो दोन रांगांच्या मधून गात, दान मागत पुढे येतो. पहिल्या तीन मिनिटांत नाट्यगृहातला सगळा औपचारिकपणा विरघळतो. मुलं खुर्चीवर उभी राहून मागे वळतात. कोणीतरी आजी पदर सोडून दहाची नोट काढतेच. हे दान वासुदेवाचं, ते कार्यक्रमाच्या हिशोबात धरायचं नाही हे आधीच ठरवून घ्या.

त्यानंतर गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, मग पोवाडा. पोवाडा बारा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, मग शाहीर कितीही रंगात आलेले असोत. मग भारूड. घरच्या सगळ्यांसाठी भारुडासारखं दुसरं काही नाही. नाथांची विंचवाची किंवा भुताची रूपकं मुलांना गंमत म्हणून कळतात आणि मोठ्यांना वेगळी कळतात. मध्यंतरानंतर गोंधळ किंवा जागरण, सलग पाऊण तास. आख्यानाचे तुकडे पाडून ‘निवडक’ सादर करायला लावू नका. कथा रंगायला वीस मिनिटं लागतात, ती द्या.

लावणी ठेवायची का, हे दरवर्षी समितीत भांडण होतं. माझं मत: ठेवा. ढोलकीच्या फडातल्या जुन्या कलावतीला ‘समोर घरची मंडळी आहेत’ एवढं सांगितलं की काय निवडायचं ते तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. सिनेमातली गाणी मागू नका, एवढंच पथ्य.

सूत्रसंचालक शक्यतो नको. नेमलाच, तर त्याच्या हातात चारोळ्या देऊ नका. आणि सत्कार, दीपप्रज्वलन, मनोगत हे सगळं मिळून सात मिनिटं. पाहुणे रागावतील, प्रेक्षक परत येतील.

सकाळचा मुलांचा खेळ

साडेदहाला सुरू, बाराच्या आत संपला पाहिजे. बालनाट्याचा संच पुण्या-मुंबईहून येणार असेल तर आपल्या रंगमंचाची मापं आधी पाठवा: पडद्याच्या चौकटीची रुंदी आणि उंची, खोली, विंगेत किती जागा, टेम्पो किती जवळ लागतो. गावच्या रंगमंचांची उंची बहुतेक वेळा कमी असते आणि राजवाड्याचा कळस वरच्या झालरीला अडकतो. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संचाकडे ते असतं, प्रत मागून फाइलला लावा.

संचाच्या व्यवस्थापकाला एक विनंती करा: चेटकिणीच्या प्रवेशाला पूर्ण काळोख करू नका. तीन-चार वर्षांचं एक मूल रडायला लागलं की पाठोपाठ दहा रडतात आणि पुढचा प्रवेश कोणालाच ऐकू येत नाही. निळसर उजेड ठेवला तरी चेटकीण पुरेशी भीतिदायक दिसते.

दरवर्षी नाटकच हवं असं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला) जपली आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बाहुल्यांचा खेळ बोलवायचा असेल तर मोठं प्रेक्षागृह वापरू नका. बाहुल्या लहान असतात, दहाव्या रांगेतून नुसत्या हलणाऱ्या चिंध्या दिसतात. तो खेळ नाट्यगृहाच्या व्हरांड्यात, एका वेळी शंभर-सव्वाशे मुलं सतरंजीवर बसवून, दोनदा करा.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पटकन उरकतो. पोलीस ठाण्याला अर्ज आणि परवानगी, किमान पंधरा दिवस आधी. नाट्यगृहाच्या अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र चालू आहे का ते पालिकेत विचारा. परवानाधारक संस्थेनं ते दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. ध्वनिक्षेपकाची रात्री दहाची मर्यादा बंदिस्त सभागृहाच्या आतल्या आवाजाला तशी लागू नाही, पण बाहेर अंगणात कर्णा लावला की लागू होते. तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटक-संगीताच्या प्रवेशावर जीएसटी नाही. लोककलेच्या सादरीकरणासाठी कलाकाराला दिलेलं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावरही नाही. तरी एकदा आपल्या सीएला विचाराच. पारंपरिक पदांना कोणाची परवानगी लागत नाही. मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालू राहतात, तेव्हा अलीकडच्या शाहिरांची गाणी आणि मध्यंतरात वाजणारी ध्वनिमुद्रित गाणी यांच्या परवान्याचं बघून घ्या. आम्ही मध्यंतरात गाणी वाजवणंच बंद केलं. लोकांना गप्पा मारायच्या असतात.

आवाज

इथं मात्र मी थांबणार आहे, कारण निम्मे कार्यक्रम इथंच बुडतात.

गावातला साउंडवाला डीजे आणि भाषणं यांच्यात तयार झालेला असतो. त्याला दोन गोष्टी आवडतात: बास आणि इको. लोकसंगीताला दोन्ही मारक. संबळाला, म्हणजे गोंधळ्यांच्या काठ्यांनी वाजवायच्या जोडवाद्याला, इको लावला की प्रत्येक ठोका तीनदा ऐकू येतो आणि गोंधळ्याचे शब्द त्यात वाहून जातात. आख्यानात शब्द गेले की उरतं काय? म्हणून पहिली सूचना: इको शून्यावर. तो म्हणेल, “आवाज कोरडा येतोय.” येऊ द्या.

दुसरं, कोणत्या वाद्याला माइक लागतो आणि कोणत्या नाही. चारशे खुर्च्यांच्या बंद सभागृहात संबळाला माइक लागत नाही. हलगीला तर नाहीच. ढोलकीला दोन्ही तोंडांना एकेक. खरी काळजी तुणतुण्याची. एक तार, खाली कातड्यानं मढवलेलं लाकडी नळकांडं, आणि आवाज इतका बारीक की तिसऱ्या रांगेत पोचत नाही. पण सगळ्यांचा सूर त्याच्यावर उभा असतो. तुणतुणं वाजवणारा सहसा मुख्य गायकाच्या मागे उभा राहतो आणि साउंडवाला त्याला विसरतो. त्याला स्वतंत्र माइक द्या, कंबरेच्या उंचीवर, नळकांड्याच्या तोंडाकडे वळवलेला. आणि कलाकारांसमोरच्या मॉनिटरमध्ये (त्यांचं त्यांना ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) सगळ्यात आधी तुणतुणं सोडा. गाणारा एक हात कानावर का धरतो हे एकदा त्यांना विचारा. स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून. मॉनिटर नीट असला की तो हात खाली येतो. हीच तुमची परीक्षा.

आवाज लावताना क्रम उलटा ठेवा. सगळ्यात बारीक वाद्य आधी: तुणतुणं, मग गाणाऱ्याचा माइक, मग टाळ, मग ढोलकी, शेवटी संबळ (माइकशिवायच). बहुतेक साउंडवाले मोठ्या वाद्यापासून सुरू करतात आणि मग बाकी सगळ्यांना त्याच्या वर ओढत बसतात. शेवटी माइक शिट्टी मारतो.

कातड्याच्या वाद्यांचं एक तंत्र आहे. दमट हवेत कातडं सैल पडतं, सूर उतरतो. कोरड्या हवेत आणि उष्णतेनं ते ताणतं, सूर चढतो. एसी कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी लावला तर ढोलकीवाला पहिली दोन पदं नुसती हातोडी मारत बसतो. म्हणून एसी तासभर आधी लावा, वाद्यं त्या हवेत ठेवा, मग सुरात लावायला सांगा. कातड्याची हलगी मात्र शेकावीच लागते. हलगीवाल्याला विंगेत शेगडी पेटवू देऊ नका (पेटवतात). मागच्या दाराबाहेर घमेल्यात निखारे, शेजारी पाण्याची बादली आणि एक माणूस, अशी सोय करा.

उजेड आणि सतरंजी

प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण बंद करायचे नाहीत. आमचा लाइटवाला दरवर्षी भांडतो, आम्ही दरवर्षी ऐकत नाही. इतका उजेड हवा की कलाकाराला आठव्या रांगेपर्यंत चेहरे दिसतील. मग तो समोरच्या काकूंना प्रश्न विचारतो, झोपलेल्या मामांची खोड काढतो, आणि कार्यक्रम त्याच्या ताब्यात येतो.

पहिली रांग आणि रंगमंच यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिथं सतरंज्या अंथरा आणि मुलांना बसवा. मधली वाट आणि बाहेर पडायची दारं मात्र मोकळीच. ही सतरंजी आमच्या कार्यक्रमातली सगळ्यात महागडी जागा आहे, असं मी मानतो, आणि ती फुकट आहे. संबळ वाजायला लागला की मुलं नकळत पुढे सरकतात, रंगमंचाच्या कडेला हनुवट्या टेकवतात. एकदा एक गोंधळी कडेशी येऊन बसले, एका मुलाच्या हातात संबळाची वाकडी काठी दिली आणि म्हणाले, “मार एक.” त्यानं मारला. पुढची दहा मिनिटं बाकीच्या सगळ्यांचे हात वर होते.

तिकीट आणि पैसे

तिकीट लावाच, कमी लावा, पण लावा. फुकट कार्यक्रमाला लोक उशिरा येतात आणि लवकर जातात. आमचं मागच्या वेळचं संध्याकाळचं गणित असं होतं. मानधन २८,०००, प्रवास ५,०००, नाट्यगृह ७,०००, ध्वनी-प्रकाश ८,०००, जेवण २,५००, जाहिरात ४,०००, जनरेटर ३,०००. एकूण ५७,५००. तिकिटं १२० रुपयांची, ३०० गेली, म्हणजे ३६,०००. उरलेले २१,५०० गावातल्या एका पतसंस्थेकडून आणि दोन सराफांकडून. म्हणजे तिकिटांवर खर्च निघत नाही, हे सुरुवातीलाच मान्य करा आणि देणगीदार ऑगस्टमध्येच गाठा. दिवाळीच्या तोंडावर सराफाकडे गेलात तर तो चहा देईल, पैसे नाही.

फुकट पास हा आपल्याकडचा जुना आजार. आम्ही समितीतल्या प्रत्येकाला दोन पास देतो, त्यावर मागणाऱ्याला ‘माझे संपले’ असं खरंखुरं सांगता येतं. मांडीवर बसणाऱ्या मुलाला तिकीट नाही, सतरंजीवर बसणाऱ्यालाही नाही.

जाहिरातीत फ्लेक्सवर पैसे घालवू नका. सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात शाळांमध्ये चिठ्ठ्या वाटा. एसटी स्टँडवर एक फलक, बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश. आणि दोन दिवस आधी, भल्या पहाटे, वासुदेवाला मानधन देऊन गल्ल्यांमधून फिरवा. त्याच्या पाठोपाठ पोरं दारात येतात आणि घरातला विषय ठरतो.

त्या दिवशी

कार्यक्रम सहाला सुरू करा, साडेसहाला नाही. कारण आसपासच्या वाड्यांवरून आलेली माणसं रात्री साडेनऊच्या मुक्कामी गाडीनं परत जातात. सव्वाआठ वाजून गेले की ती घड्याळ बघायला लागतात, पावणेनऊला चुळबुळ, नऊला अर्धी रांग रिकामी. तुमच्या गावची शेवटची एसटी किती वाजता सुटते ते आधी विचारा आणि तिथून उलटं गणित मांडा.

संडास सकाळी एकदा आणि मध्यंतराच्या आधी एकदा धुवून घ्या, पाण्याची टाकी भरली आहे का ते स्वतः चढून बघा. मुलांच्या मनगटावर पेननं घरच्यांचा फोन नंबर लिहायला दारात एक माणूस उभा करा. मध्यंतर पंधरा मिनिटं: चहा, वडा, पॉपकॉर्न. वड्याचा कागद प्रेक्षागृहात न्यायचा नाही, हे दारातच सांगा. जनरेटर दुपारी एकदा चालवून बघा, डिझेल नुसतं बाटलीत दिसून उपयोग नाही.

शेवटी एक राहिलं. जागरण असेल तर भंडारा उधळला जाणारच, आणि तो उधळला गेलाच पाहिजे. पण हळद लाकडी रंगमंचाच्या फटीत आणि काळ्या पडद्यावर जी बसते ती झाडून निघत नाही. आमची अनामत एकदा त्यापायी कापली गेली, आणि पुढच्या आठवड्यात ज्यांचा सत्कार होता त्यांची पांढरी विजार पिवळी झाली. आता आम्ही रंगमंचावर आधी ताडपत्री घालतो, तिच्यावर घोंगडी. मागचा काळा पडदा तीन हात वर गुंडाळून बांधतो. कार्यक्रम संपला की चौघं ताडपत्रीची चार टोकं धरतात आणि मधला भंडारा गोळा करून कागदात बांधतात. दारात उभ्या असलेल्या बायका तो मागून घेऊन जातात.